डिस्कवर उरलेले तास

रविवार, २७ ऑगस्ट २०२३. कारखाने थांबायला सुमारे दोन दिवस

टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्यांसाठी सुट्या भागांच्या मागण्या हाताळणाऱ्या सर्व्हरवर त्या दिवशी ठरलेल्या देखभालीचे काम होते. डेटाबेसमध्ये साठत गेलेला जुना डेटा काढून टाकायचा आणि उरलेला नीट लावायचा, एवढेच. अशी कामे सुट्टीच्या दिवशीच उरकतात, कारण तेव्हा मागण्या थंड असतात. काम होते जागा मोकळी करण्याचे, आणि तेच करताना डिस्कवरची जागा अपुरी पडली. यंत्रणेने चूक दाखवली आणि ती थांबली.

त्याच दिवसांत परभणी तालुक्यातल्या पेडगाव परिसरात सगळ्यांचे डोळे आभाळाकडे होते. २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऐन फुलोऱ्यातले सोयाबीन माना टाकत होते. अशा वेळी पीक विम्यातून आगाऊ मदत मिळायची, तर पावसाचा खंड २१ दिवसांहून मोठा आहे का, हा प्रश्न तेव्हा कळीचा होता. तो खंड मोजला जाई महसूल मंडळाप्रमाणे, आणि पेडगाव हे स्वतःच एक महसूल मंडळ आहे. कोणत्या दिवशी किती मिलिमीटर पाऊस पडला, हे कुठल्यातरी सर्व्हरवरच्या टेबलात एकेका ओळीने लिहिलेले असते. ती ओळ नसेल तर शेतकऱ्याच्या तोंडी सांगण्याला किंमत राहत नाही.

जपानमधला कारखाना आणि मराठवाड्यातले मंडळ यांचा संबंध मला दिसतो तो इथे. दोन्हीकडे माणसाचे पोट एका फार मोठ्या टेबलावर टेकलेले आहे, आणि त्या टेबलाखालच्या डिस्कला सीमा आहे.

ही टेबले किती मोठी होतात याचा अंदाज कागदावरच करू. महावेध प्रकल्पात राज्यभर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली. समजा, प्रत्येक केंद्र दर १० मिनिटांनी एक नोंद पाठवते. म्हणजे एका केंद्राच्या दिवसाला १४४ ओळी, दोन हजार केंद्रांच्या २ लाख ८८ हजार, आणि वर्षाच्या साडेदहा कोटी. एक ओळ १०० बाइटची धरली तरी वर्षाला सुमारे साडेदहा जीबी. त्यावर शोध लवकर लागावा म्हणून बांधलेले इंडेक्स, कधीकधी मूळ टेबलाइतकेच मोठे. पावसाचे टेबल त्या मानाने लहानच म्हणायचे. राज्यातल्या सुमारे अडीच कोटी सातबाऱ्यांच्या नोंदी आणि १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणीत शेतकरी मोबाइलवरून चढवत असलेले पिकांचे फोटो डोळ्यांसमोर आणा.

रविवारच्या त्या कामात आत काय घडते

पुसल्यावर जागा मोकळी होते, असे आपण गृहीत धरतो. मोबाइलमधला व्हिडिओ काढला की जागा मिळते, म्हणून डेटाबेसमध्येही तसेच होत असेल असे वाटते. डेटाबेस मात्र पुसण्याआधी आणखी लिहितो.

समजा, ५० कोटी ओळींच्या टेबलातून ३० कोटी ओळी एकाच हुकमाने काढायच्या आहेत. मध्येच वीज गेली किंवा हुकूम मागे घ्यावा लागला, तर सगळे होते तसे परत आणता आले पाहिजे. ही डेटाबेसने दिलेली हमी असते. ती पाळण्यासाठी मायएसक्यूएल आणि ऑरॅकल हे डेटाबेस पुसली जाणारी प्रत्येक ओळ परत आणायला लागणारी माहिती वेगळ्या जागेत, म्हणजे अनडूमध्ये, ठेवतात. शिवाय झालेला प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये उतरतो. दुसऱ्या सर्व्हरवर प्रत चालू असेल तर तिच्याकडे पाठवायचा लॉग असतो, आणि तो तिकडे पोचेपर्यंत टाकून देता येत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसची रीत निराळी आहे. तो पुसलेली ओळ जागेवरच ठेवतो, तिच्यावर फक्त ‘मृत’ असा शिक्का मारतो आणि व्हॅक्यूम नावाची सफाई होईपर्यंत ती तिथेच पडून राहते. कोणत्याही रीतीने पाहा, ३० कोटी ओळी पुसण्याच्या पहिल्या काही तासांत डिस्क रिकामी होत नाही, ती झपाट्याने भरते.

काम नीट पार पडले तरी फाइल सहसा लहान होत नाही. मोकळी झालेली जागा त्याच टेबलाच्या पुढच्या नोंदींसाठी राखून राहते, डिस्कला परत मिळत नाही. ती परत मिळवायला पोस्टग्रेसमध्ये व्हॅक्यूम फुल आणि मायएसक्यूएलमध्ये ऑप्टिमाइझ टेबल हे उपाय आहेत. दोन्ही जिवंत ओळींची नवी फाइल तयार करतात आणि ती पूर्ण झाल्यावरच जुनी टाकतात. म्हणजे ४०० जीबी जिवंत डेटा असेल, तर आणखी ४०० जीबीच्या आसपास मोकळी जागा आधी हातात हवी. डिस्क ९० टक्के भरल्यावर आवराआवर करू म्हणणाऱ्याला ती कुठून मिळणार?

सोमवार, २८ ऑगस्ट. एक दिवस उरला

सुट्या भागांच्या मागण्या हाताळणाऱ्या अनेक सर्व्हरपैकी काही बंद पडले होते. मोठ्या कंपनीत अशा वेळेसाठी पर्यायी व्यवस्था असते आणि टोयोटाकडेही ती होती. तिच्याकडे वळायचे, काम सुरू ठेवायचे आणि मूळ यंत्रणा निवांत दुरुस्त करायची, हा शिरस्ता आहे. पण पर्यायी सर्व्हरही त्याच यंत्रणेवर चालत होते. त्यांच्यातही तसाच बिघाड झाला आणि वळण घेता आले नाही.

या सगळ्या प्रकरणात मला हाच तास सर्वांत गंभीर वाटतो. बॅकअपला आपण विम्यासारखे मानतो. मूळ सर्व्हरची हुबेहूब प्रत ठेवली की निश्चिंत झालो असे समजतो. हुबेहूब प्रत म्हणजे तेवढीच डिस्क, तेवढाच डेटा, तोच हुकूम आणि तीच मर्यादा. यंत्र जळाले, छत गळले, वीज गेली, तर अशी प्रत वाचवते. जागा संपण्यापासून मात्र ती वाचवू शकत नाही, कारण दोन्हींची जागा जवळजवळ एकाच वेळी संपते.

मंगळवार, २९ ऑगस्ट, सकाळची पहिली पाळी. शून्य तास

१४ कारखान्यांपैकी १२ कारखान्यांतल्या २५ लाइन सकाळी सुरूच झाल्या नाहीत. दुसऱ्या पाळीपासून सगळे १४ कारखाने आणि सगळ्या २८ लाइन थांबल्या. हे कारखाने मिळून टोयोटाच्या जगभरातल्या उत्पादनाचा सुमारे एक तृतीयांश भाग उचलत होते. त्या वर्षीच्या पहिल्या सहामाहीत जपानमध्ये कंपनी रोज सरासरी साडेतेरा हजार गाड्या बनवत होती.

एक डेटाबेस बंद पडला म्हणून इतके सगळे कसे थांबले? एका गाडीत बारीकसारीक धरून सुमारे ३० हजार भाग असतात. ताइइची ओनो यांनी घडवलेल्या पद्धतीत ते भाग गोदामात साठवून ठेवत नाहीत. जो भाग हवा तो, हवा तेव्हा, हवा तेवढाच मागवायचा. प्रत्येक मागणीमागे कानबान नावाची चिठ्ठी असते, आणि आज त्या चिठ्ठीचा प्रवास संगणकातून होतो. मागणी गेली नाही तर पुरवठादाराचा ट्रक निघत नाही, आणि ट्रक आला नाही तर लाइनवर बसवायला काही नसते. मालाचा साठा ठेवायचा नाही असे ठरवल्यावर माहितीचा साठा कधीही अडून चालत नाही. कारखान्याच्या आवारातली मोकळी जागा वाचवणाऱ्या या पद्धतीला डिस्कवरच्या मोकळ्या जागेने गाठले.

बातमी पसरताच पहिला संशय हल्लेखोरांवर गेला. त्याला कारण होते. २०२२च्या फेब्रुवारीअखेरीस कोजिमा या पुरवठादार कंपनीवर सायबर हल्ला झाला होता आणि १ मार्चला हेच १४ कारखाने आणि याच २८ लाइन दिवसभर बंद राहिल्या होत्या. २०२३च्या जुलैत नागोया बंदरही खंडणीखोर सॉफ्टवेअरने ठप्प केले होते. टोयोटाने मात्र त्याच दिवशी सांगितले की हा सायबर हल्ला वाटत नाही.

मुंबईचे घड्याळ: २४ फेब्रुवारी २०२१

आपल्याकडेही साठवणयंत्रणेने एक दिवस अडवून धरला होता, आणि त्या दिवसाचे तास नोंदलेले आहेत. तिथे जागा संपली नव्हती, पण पर्यायी प्रतीचा धडा तोच होता.

सकाळी १० वाजून काही मिनिटे. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर (एनएसई) निफ्टीचा आकडा हलेनासा झाला. सौदे होत होते, पण निर्देशांक थिजलेला. दुसऱ्याच दिवशी वायदे व्यवहारांची मासिक मुदत संपणार होती, त्यामुळे बाजारात पैसा अडकलेले लोक नेहमीपेक्षा जास्त होते.

११ वाजून ४० मिनिटे. सगळे विभाग थांबवण्यात आले. मुंबई शेअर बाजार चालू होता, म्हणून अनेक दलालांनी ग्राहकांचे त्या दिवसाचे सौदे तिकडे मिळेल त्या भावाने मिटवले.

दुपारभर कोणालाच काही कळेना. ३ वाजून ३० मिनिटांनी बाजारपूर्व सत्र आणि ३ वाजून ४५ मिनिटांनी बाजार पुन्हा सुरू होईल, असे जाहीर झाले, ते नेहमीची बंद होण्याची वेळ भरत आली असताना. त्या दिवशी व्यवहार संध्याकाळी ५पर्यंत चालले. सेन्सेक्स हजारांहून अधिक अंकांनी वर गेला. ज्यांचे सौदे दुपारी घाईने मिटवले गेले होते त्यांच्या मनातली चुटपुट त्या आकड्यावरून समजावी.

एनएसईने नंतर कारण सांगितले ते असे. मूळ केंद्र आणि मुंबईतलेच जवळचे पर्यायी केंद्र यांच्यात दोन दूरसंचार कंपन्यांच्या अनेक जोडण्या होत्या. रस्त्यावरच्या खोदकामामुळे त्या डळमळीत झाल्या. एकही नोंद हरवू नये म्हणून डेटा दोन्हीकडे लिहिला जात असे. जोडणी तुटली तरी मूळ केंद्राने एकट्याने काम चालू ठेवावे, अशीच साठवणयंत्रणेची रचना असल्याचे सांगितलेले होते. प्रत्यक्षात मूळ केंद्रातली साठवणयंत्रणाच सर्व्हरना दिसेनाशी झाली. सौदे जुळवणारी यंत्रणा शाबूत होती, पण जोखीम मोजणारी गेली, आणि जोखीम न मोजता बाजार चालवता येत नाही. टोयोटाच्या पर्यायी प्रतीने मूळ प्रतीचीच मर्यादा उचलली. मुंबईत पर्यायी प्रतीकडे जाणारी वाट मूळ प्रतीला घेऊन बुडाली.

सेबीने पुढच्याच महिन्यात नियम कडक केला. महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यापासून ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यापुढच्या ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचे. २०२३मध्ये एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग कंपनीने ७२ कोटी रुपयांहून अधिक भरून हे प्रकरण सेबीकडे मिटवले.

मंगळवार, २९ ऑगस्ट. दुरुस्ती

टोयोटाने डेटा अधिक मोठ्या क्षमतेच्या सर्व्हरवर हलवला. ऐकायला हा उपाय बाळबोध वाटतो, पण तोच योग्य होता. जागा संपलेल्या डेटाबेससमोर बसलेल्या माणसाचा हात आधी काहीतरी पुसण्याकडे जातो, आणि मोठे नुकसान तिथेच होते.

पोस्टग्रेसचेच उदाहरण घ्या. बदलांची नोंद ठेवणाऱ्या त्याच्या फोल्डरच्या नावात पूर्वी ‘लॉग’ हा शब्द होता. डिस्क भरली की लोक ‘लॉगच तर आहेत’ म्हणून त्यातल्या फाइली काढून टाकत, आणि डेटाबेस कायमचा बिघडे. इतके लोक या खड्ड्यात पडले की २०१७मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीत त्या फोल्डरचे नाव बदलावे लागले.

म्हणून अशा घडीला पहिला अर्धा तास पाहण्यात घालवावा. कोणते टेबल, कोणता लॉग, कोणती तात्पुरती फाइल वाढते आहे ते शोधावे. लिनक्सवर एक चकवा नेहमीचा आहे. फाइल पुसलेली असते, फोल्डरमध्ये दिसत नाही, तरी डिस्क भरलेलीच दाखवते, कारण एखाद्या चालू प्रोग्रामने ती अजून उघडी धरलेली असते. त्या प्रोग्रामने ती सोडल्यावरच जागा सुटते. अर्धवट झालेला अवाढव्य डिलीट घाबरून मध्येच मारला, तर मायएसक्यूएल आणि ऑरॅकल सगळ्या ओळी परत जागेवर आणू लागतात, आणि त्याला पुसायला लागला तेवढा किंवा त्याहून जास्त वेळ लागू शकतो. बंद पडलेल्या दुसऱ्या प्रतीसाठी लॉग साठत राहिले असतील, तर ती प्रत सोडून द्यायची की वाचवायची हा निर्णय माणसाने घ्यावा लागतो. आणि शक्य असेल तर सगळ्याच्या आधी डिस्क वाढवावी. जागा मिळाली की विचार करायला वेळ मिळतो.

पुढे ही वेळ येऊ नये म्हणून टेबलाची मांडणीच वेगळी करावी लागते. पावसाच्या नोंदींसारखे टेबल महिन्यामहिन्याच्या पार्टिशनमध्ये विभागले, तर जुना महिना काढताना ओळी एकेक करून पुसाव्या लागत नाहीत. तो सगळा तुकडाच वेगळा करून टाकता येतो, आणि त्याची जागा लगेच डिस्कला परत मिळते. पार्टिशन नसेल तर पाच-दहा हजार ओळींच्या खेपांनी पुसावे आणि दर खेपेनंतर थांबून डिस्क पाहावी. टेबलातले थोडेच ठेवायचे असेल, तर ठेवायचे तेवढे नव्या टेबलात घेऊन जुने पूर्ण काढणे स्वस्त पडते.

डिस्कखेरीज दुसरीही एक सीमा असते, ती क्रमांकाची. ओळींना क्रमांक देणारा रकाना ३२ बिटांचा असेल, तर तो सहसा २,१४,७४,८३,६४७ वर संपतो. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी बेसकॅम्प या कंपनीच्या एका टेबलाचे क्रमांक असेच संपले आणि काही तास लोकांना फक्त वाचता येत होते, नवे काही लिहिता येत नव्हते. डिस्कवर भरपूर जागा असतानाही हे होऊ शकते.

बुधवार, ३० ऑगस्ट

सकाळच्या पाळीला १२ कारखान्यांतल्या २५ लाइन सुरू झाल्या, दुसऱ्या पाळीपासून उरलेल्याही. ६ सप्टेंबरला टोयोटाने कारण जाहीर केले: देखभाल, पुसलेला डेटा, अपुरी डिस्क, आणि त्याच यंत्रणेवरची पर्यायी व्यवस्था. झालेला प्रसंग पुन्हा घडवून, तपासून उपाय लागू केल्याचेही कळवले. एवढ्या मोठ्या कंपनीने इतके साधे कारण आडपडदा न ठेवता सांगितले, याबद्दल मला तिचा आदर वाटतो. त्यामुळेच इतरांना शिकता आले.

पेडगावपासून बिडकीनपर्यंत

३१ जुलै २०२४ला टोयोटा किर्लोस्करने महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला. छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनमध्ये सुमारे २० हजार कोटी रुपयांचा कारखाना उभा राहायचा आहे. परभणी जिल्ह्यातली मुले उद्या तिथे लाइनवर आणि पुरवठादारांकडे कामाला लागतील, काही जण सर्व्हरच्या खोलीतही. त्यांना एक सवय आतापासून लागावी असे मला मनापासून वाटते. डिस्क किती टक्के भरली, असे विचारू नये. किती तास उरले, असे विचारावे.

चार टीबीची डिस्क ९० टक्के भरली म्हणजे सुमारे ४०० जीबी उरले. रोजच्या कामात ती ताशी दोन जीबीने भरत असेल, तर हातात २०० तास आहेत, आठवड्याहून जास्त. त्याच डिस्कवर रविवारी कोणी मोठा डिलीट सुरू केला आणि लॉग ताशी १०० जीबीने वाढू लागले, तर उरतात चार तास. टक्के दोन्ही वेळी ९०च. धोक्याची घंटा ८० किंवा ९० टक्क्यांवर बांधणारे या फरकाला मुकतात. वाढीचा वेग मोजून उरलेले तास सांगणारी घंटा बांधायला फारसा खर्च येत नाही.

आणि शासनाच्या ज्या खात्यांकडे, ज्या विमा कंपन्यांकडे आणि त्यांच्या ज्या कंत्राटदारांकडे मंडळनिहाय पावसाची, सातबाऱ्याची, पीक पाहणीची टेबले आहेत, त्यांना विनंती आहे. हंगाम संपल्यावर जुना डेटा आवरायला घ्याल तेव्हा पुसायला लागणारी जागा आधी मोजा. पर्यायी सर्व्हरवर एकदा खरोखर वळून पाहा, आणि त्याची डिस्क मूळ डिस्कपेक्षा मोठी ठेवा. आवराआवरीचे काम जुलैअखेरीस, विम्याच्या मुदतीच्या तोंडावर काढू नका. त्या दिवसांत पेडगावचा शेतकरी सुविधा केंद्राबाहेर रांगेत उभा असतो, आणि त्याच्याकडे दुसरा सर्व्हर नसतो.